राहून गेलेला कंस

अण्णाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात अडकले होते. रडू आलं नाही. दशक्रियेला चांदवडचे एक पाहुणे म्हणाले, "लय कडक माणूस, पण गणितात कधी चुकला नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं. आता महिना उलटून गेलाय, म्हणून बोलते.

काका घराच्या पुढच्या खोलीत नववी-दहावीचे क्लास घ्यायचे. घातांकांची उदाहरणं ते 'साखळी'ने सोडवून घेत. एकेकाने फळ्यावर एकच पायरी लिहायची आणि चुकेल त्याने तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी पुतणी, वैशाली सख्खी मुलगी, तरी सूट नव्हती. वैशालीचा मात्र गणितावर जीव होता, तिला सायन्सलाच जायचं होतं. एकदा काकांनी 2a³ × a² लिहून खडू तिच्या हातात दिला. पाया सारखा, म्हणून तिने घातांकांची बेरीज केली आणि 2a⁵ लिहिलं. आठ कुठे गेले, म्हणून काका खेकसले. त्यांना (2a)³ लिहायचं होतं, म्हणजे घन दोनाचाही झाला असता. कंस घालायला ते स्वतःच विसरले होते.

वैशाली शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही कंस दिलेला नाही. घात फक्त a चा आहे."

अख्खा वर्ग फळ्याकडे बघत होता... काकांनी ओळ पुसली. "बापाच्या चुका काढायच्या असतील तर सायन्सबियन्स विसर." मला वाटलं, राग निवळेल. कसला निवळतोय! दहावीला गणितात वर्गात पहिली आलेली मुलगी या माणसाने आर्ट्सला घातली. काकू रडून रडून थकल्या, तरी ऐकलं नाही. लोक याला शिस्त म्हणतात, मी खुनशीपणा म्हणते. त्यांच्या फोटोला मी हात जोडले ते काकूंकडे बघून.

परवा वैशालीकडे गेले होते. ती नववीतल्या लेकीला घातांक शिकवत होती. उदाहरण लिहिताना ती आधी दोन्ही कंस मांडते आणि मग त्यांच्या मधली जागा भरते. असं कोण लिहितं, म्हणून लेक हसायला लागली.

वैशालीने वहीवरची नजरही वर केली नाही. "तुझे आजोबा विसरायचे," ती म्हणाली.