वेखंडात ठेवलेले आठ टेराबाइट

आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात लोक मला वैद्यासारखे वापरतात. गणपतीची आरती झाली, प्रसादाची वाटी हातात आली, की कोणीतरी शेजारी सरकतं आणि हळूच विचारतं, "अरे, डेटा साठवायला मोठा एसएसडी ड्राइव्ह घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी नाडी बघतो. फोटो ठेवणार की व्हिडिओ एडिट करणार? रोज वापरणार की कधीमधी? मग नाव सांगतो. माझं ऐकून घेतलेल्या ड्राइव्हबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. अपवाद माझ्या स्वतःच्या घरचा.

मी एका हॉस्पिटलच्या आयटी विभागात आहे. एक्स-रे आणि स्कॅन जिथे साठवले जातात ती यंत्रं सांभाळतो. त्यामुळे मोठ्या ड्राइव्हची तुलना करणं हे माझं कामही आहे आणि खोडही. खोक्यावरचा वेग वाचून खरेदी करणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. खोक्यावरचा वेग म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची. सुरुवातीला थोडा वेळ ड्राइव्ह तो वेग दाखवतोही, पण आतली छोटी चपळ जागा भरली की गडी बैलगाडीच्या चालीने लिहायला लागतो. खरी परीक्षा घ्यायची तर त्याला एका दमात तीनशे गिगाबाइट लिहायला लावावेत आणि चहा घेऊन शेजारी बसावं. मी तसा बसायचो. बायको म्हणायची, "लग्नाआधी मला एवढं तपासलं नव्हतंस."

ती भूलतज्ज्ञ होती. आवाज जाडसर, घोगरा व्हायच्या अगदी काठावरचा. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेली माणसं तिचं बोलणं ऐकत ऐकत झोपी जायची. घरी मुलीला झोपवायला मात्र ती अनेकदा नसायचीच, ऑन-कॉल असायची. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. दुपारच्या सुट्टीत, कधी कार पार्कमध्ये गाडीत बसून, ती फोनवर गोष्ट रेकॉर्ड करून पाठवायची. गोष्टी सगळ्या मनाने रचलेल्या. त्यांत एक आळशी कासव होतं. ते इथल्या रिंग रोडवर शिरायचं आणि त्याला बाहेर पडायचा रस्ताच सापडायचा नाही. मध्येच तिचा ब्लीप, म्हणजे हॉस्पिटलचा पेजर, वाजायचा, ती म्हणायची, "थांब हं, आई आलीच," आणि गोष्ट तिथेच तुटायची. अशा दीडेकशे गोष्टी झाल्या होत्या.

मुलगी आठ वर्षांची असताना बायको गेली. आजार कळल्यापासून अकराव्या आठवड्यात सगळं संपलं.

त्यानंतर माझा फोन माझ्या मुळावर उठला. रोज सकाळी तो एक फोटो पुढे करायचा: तीन वर्षांपूर्वी, आजच्याच दिवशी. एकदा बसमध्ये तिचा पिवळ्या रेनकोटातला हसरा चेहरा समोर आला आणि मी माझा स्टॉप यायच्या आधीच उतरून पावसात चालत राहिलो. घरी मुलगी झोपताना टॅबवर कासव लावायची. तिच्या खोलीचं दार बंद असलं तरी तो आवाज जिन्यात यायचा. मी जिन्यात कान झाकून उभा राहायचो. मला तो आवाज सहन होत नव्हता. हे मी कोणालाच सांगितलं नाही. मी म्हटलं ते एवढंच, की सगळं एका जागी नीट जपून ठेवायला हवं.

मग मला काम मिळालं. तीन आठवडे मी मोठ्या ड्राइव्हचा तक्ता करत बसलो. दर टेराबाइटला किती पौंड, भरत आल्यावर वेग किती उतरतो, वॉरंटी किती वर्षांची, आयुष्यात किती लिहू देतो. एकूण अकरा रकाने. त्या तीन आठवड्यांत मी नीट जेवलो, नीट झोपलो. शेवटी दोन उरले. एक चार टेराबाइटचा, चपळ पण महाग. दुसरा आठ टेराबाइटचा, संथ पण टेराबाइटमागे बराच स्वस्त. स्वस्त अशासाठी, की डेटा ज्या इवल्याशा खोल्यांत राहतो, त्या प्रत्येक खोलीत त्याने चार-चार भाडेकरू कोंबले होते, महागड्याने तीनच. मी स्वतःशी युक्तिवाद केला: एकदाच लिहायचं आणि ठेवून द्यायचं, मग वेगाला काय चाटायचंय? आठ टेराबाइटवाला घेतला. खरं तर त्या दीडशे गोष्टी कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये फुकट मिळालेल्या पेन ड्राइव्हवरही मावल्या असत्या. पण बाकीचे फोटो होते, लग्नाचे व्हिडिओ होते, आणि मला मोठा पाहिजे होता.

सगळं उतरवलं, तपासलं, आणि मग बाकी सगळीकडून पुसून टाकलं. माझा फोन, तिचा फोन, लॅपटॉप, क्लाउड, मुलीचा टॅब. मंडळात मी लोकांना दरडावून सांगतो, तीन कॉप्या ठेवा, एक घराबाहेर ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ड्राइव्ह पत्त्यांच्या अर्ध्या कॅटाएवढा होता. तो कुठे ठेवायचा याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही. आमच्या घरात वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे, इथे त्याला एअरिंग कबर्ड म्हणतात. बाकीचं घर दमट, हिवाळ्यात भिंतींना काळी बुरशी धरते. म्हणून बायको तिच्या रेशमी साड्या त्या कपाटात ठेवायची, मऊ सुती कापडात बांधून, आत वेखंडाची पुरचुंडी टाकून. घरातली चांगली वस्तू कशी जपायची हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. स्वच्छ फडकं, कोरडी उबदार जागा, आणि उगाच हात लावायचा नाही. मी ड्राइव्ह तिच्याच एका जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि साड्यांच्या मध्ये सरकवला.

मुलीने त्या वर्षी तीनदा विचारलं, "बाबा, कासव कुठे गेलं?"

"ठेवलंय नीट. नंतर देतो."

चौथ्यांदा तिने विचारलं नाही. मला हायसं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

आता ती चौदा वर्षांची आहे. या वर्षी एका रविवारी जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आईचा व्हॉइस कसा होता? म्हणजे ती काय बोलायची ते मला आठवतं. कासवाची पूर्ण स्टोरी आठवते. पण साउंडच येत नाही आता. मी ट्राय केलं. माझाच आवाज येतो."

मी ताटावरून उठलो. कपाट उघडलं, फडक्याला अजून वेखंडाचा वास होता. ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला आणि थोड्या वेळाने सगळ्या फाइलींची नावं ओळीने उमटली. मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "ओ माय गॉड, सगळं आहे," ती म्हणाली. मी पहिल्या गोष्टीवर क्लिक केलं. चक्र फिरत राहिलं, मग एरर आली. दुसरीला तेच. विसावीलाही तेच. काही फोटो उघडले, पण वरचं कपाळ आणि डोळे दिसायचे आणि खाली नुसता करडा पट्टा. ती म्हणत होती, "पुढचं लाव ना, पुढचं लाव." मला तोपर्यंत कळून चुकलं होतं.

एसएसडीला अधूनमधून वीज लागते. डेटा ज्या विद्युतभाराच्या रूपात लिहिलेला असतो, तो भार वीज मिळाली की तो सांभाळतो, लिहिलेलं पुन्हा पक्कं करू शकतो. वर्षानुवर्षं बंद राहिला तर भार गळायला लागतो. उबेत ठेवला तर लवकर गळतो, आणि एका खोलीत चार भाडेकरू असतील तर कोण कोणता हे त्यालाच ओळखू येईनासं होतं. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी प्रसादाची वाटी हातात धरून समजावून सांगितलं असतं. माझ्या तक्त्यात अकरा रकाने होते आणि 'विजेविना किती टिकेल' हा एक नव्हता. मला तो सुचला नाही, कारण सुचला असता तर ड्राइव्ह दर थोड्या महिन्यांनी बाहेर काढून लावावा लागेल, हेही सुचलं असतं.

लंडनच्या क्रॉयडन भागात बिघडलेल्या ड्राइव्हमधून डेटा काढून देणारा एक माणूस आहे असं कळलं. मुलगी म्हणाली, मीपण येणार. आम्ही तिथे ड्राइव्ह देऊन आलो, आणि तीन आठवड्यांनी त्याने बोलावलं तेव्हा परत गेलो. त्याने विचारलं, हा कुठे ठेवला होता? मी काही बोलायच्या आत मुलीने सांगितलं, एअरिंग कबर्डमध्ये, आईच्या साड्यांत. तो फार सौम्यपणे म्हणाला, की जुन्या फिरत्या डिस्कवर ओरखडा पडला तर आजूबाजूचं तरी वाचवता येतं. यात जे गेलं ते गेलंच. काही फोटो त्याने काढून दिले होते. आवाज एकही नव्हता.

परतीच्या ट्रेनमध्ये मुलगी ड्राइव्ह मांडीवर घेऊन बसली होती.

"दुसरी कॉपी कुठे असेल? तू सगळ्यांना थ्री कॉपीज सांगतो ना."

हरवली म्हणून सांगता आलं असतं. "बाकीच्या मी डिलीट केल्या," मी म्हणालो.

"बाय मिस्टेक?"

"नाही. मला तिचा आवाज ऐकवत नव्हता."

रग्बी स्टेशन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ऐकवत होता, बाबा. मला तो ऐकूनच झोप यायची."

कॉव्हेंट्रीला उतरताना तिने माझा हात धरला नाही, आणि मी तो पुढे केलाही नाही.

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आली, फोन ओट्यावर उभा केला आणि म्हणाली, "कासवाची स्टोरी सांग. तुला येते तशी. मी रेकॉर्ड करते."

मी हात पुसले आणि सुरुवात केली. एक होतं कासव, फार आळशी. ते एकदा रिंग रोडवर शिरलं. लॉऱ्या जात होत्या, पाट्या कळत नव्हत्या, ते गोल गोल फिरत राहिलं.

"मग?"

मला पुढचं माहीत नव्हतं. बायको होती तेव्हा ती गोष्ट घरात कितीदा वाजली, मी कधी लक्ष दिलं नाही, आणि ती गेल्यावर जिन्यात कान झाकून उभा राहिलो. ते कासव बाहेर पडलं की नाही, कसं पडलं, मला काहीच सांगता येईना. मी तसं तिला सांगितलं.

तिने फोन उचलून स्वतःकडे वळवला आणि पुढची गोष्ट सांगायला लागली, अडखळत, अर्धी इंग्रजीत. मध्ये एकदा थांबून "थांब हं, आई आलीच," असंही म्हणाली, आणि मला सिंककडे तोंड फिरवावं लागलं. गोष्ट संपल्यावर तिने फोन खिशात टाकला.

तिने त्याच्या तीन कॉप्या केल्या आहेत म्हणे. त्या कुठे ठेवल्या आहेत, ते तिने मला सांगितलेलं नाही.