जळक्या तारेचं पोतं

आमच्या घरात पैसा येत नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही. माझा नवरा बाभुळगावात मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की तिच्या पोटातली जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळून द्यायची, हा त्याचा धंदा. हरभऱ्याला आणि गव्हाला ओलीत सुरू झालं की रात्रीची लाइन, त्यात कमी व्होल्टेज, अशा मोटारी धडाधड जळतात. मग दुकानासमोर पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात थोड्या कूलरच्या मोटारी येतात. पावसाळ्यात मात्र तो पक्कड हातात घेऊन माशा मारत बसतो. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि लग्नसराईत माझंही मशीन थांबत नाही. दोघांची वर्षाची कमाई चांगली होती. आमची चूक एवढीच की वर्षाच्या कमाईवर आम्ही महिन्याचे हप्ते घेऊन बसलो होतो. हप्ता दर महिन्याला येतो. मोटार दर महिन्याला जळत नाही.

पावसाळ्यात मग एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. टीव्हीचा हप्ता भरायला बचत गटातून उचल, गटाची परतफेड करायला एखाद्या ओळखीच्याकडून हातउसने, आणि हातउसने फेडायला शेवटी माझ्या आईनं लग्नात घातलेली एकदाणी. एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकसर माळ. ती पतसंस्थेत गहाण पडली. दर वर्षी नवरा जायचा, व्याज भरायचा आणि तीच माळ पुन्हा ठेवून यायचा. याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. त्यात नवं काही नसतं, सगळं जुनंच असतं. मी कुरकुर केली की म्हणायचा, "तिजोरीत आहे ना, चोराचा धाक नाही." हे तो इतक्या समाधानानं म्हणायचा की दोनचार वर्षं मलाही ते खरं वाटलं. लग्नाकार्याला मी खोटी माळ घालून जायची आणि बायका जवळ आल्या की पदर पुढं ओढून घ्यायची.

एका श्रावणात मी एका मास्तरणीच्या खांद्याला टेप लावून माप घेत होते आणि टीव्हीच्या फायनान्सवाल्याचा फोन आला. हात रिकामा नव्हता म्हणून मी स्पीकर लावला. हा माझा शहाणपणा. त्या माणसानं माझं नाव घेऊन, थकलेला हप्ता, वर दंड, सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. मास्तरीण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मी माप घेतलं, ते चुकीचं घेतलं, आणि ती गेल्यावर तशीच चप्पल घालून दुकानावर गेले.

नवरा एकटाच होता. मी शटर अर्धं ओढलं. म्हटलं, "कोणाकोणाचे किती आहेत, सांगा."

"कायले?"

"कायले म्हणजे. मले बेरीज करायची आहे."

त्याला सगळे आकडे पाठ होते, अगदी व्याजासकट. मी थक्क झाले. एवढं डोक्यात घेऊन हा माणूस रात्री घोरायचा कसा? तो सांगत गेला, मी मोबाइलवर टाकत गेले. बेरीज वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "एवढं नसन. पुन्हा कर." पुन्हा केली. तेवढीच आली. मग तो हातातली तार उगाच सरळ करत बसला, आणि मला आल्यापासूनचा राग आवरता घ्यावा लागला. भांडायला समोर माणूस तरी ताठ बसलेला पाहिजे.

तेव्हा माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथं मोटारींतून काढलेल्या जळक्या तारेचे काळे गुंते पडले होते. या धंद्यातला रिवाज असा की काढलेली जुनी तार कारागिराची. मजुरी ठरते तीच हे धरून. दर शनिवारी भंगारवाला यायचा, ती तार उचलायचा आणि हातावर पैसे टेकवून जायचा. त्या पैशाला आमच्या घरात पैसा म्हणतच नव्हते. त्यात चहा व्हायचा, सुपारी-तंबाखूचा खर्रा व्हायचा, दोस्तमंडळींचे आलुबोंडे व्हायचे.

"ही तार आजपासून माही," मी म्हटलं.

"तारीचं काय करशीन तू?"

"तांबं आहे ते. मले काय लोखंड अन् तांबं समजत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी सोयाबीनचं रिकामं पोतं नेऊन दुकानात ठेवलं. शनिवारी भंगारवाला आला तेव्हा मी तिथं शिवणकाम घेऊन बसले होते. त्यानं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे, आणि भंगारवाला जुने बेअरिंग घेऊन गेला. खर्रा काही सुटला नाही. पण तो आता स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो म्हणून निम्म्यावर आला.

आम्ही फार मोठं असं काही केलं नाही. नवीन हप्ता घ्यायचा नाही, हे पहिलं. जे कर्ज सगळ्यात लहान ते आधी मारायचं, हे दुसरं. आणि हंगामात पैसा आला की पावसाळ्याचे हप्ते आधीच बाजूला काढून वेगळ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही. बँकेतला मुलगा म्हणाला, फुकट आहे. मी म्हटलं, म्हणूनच नको. गिऱ्हाइकांचंही पाहिलं. कापूस विकल्यावर देतो म्हणणाऱ्यांचा कापूस कधी विकला जातो यावर माझं बारीक लक्ष असायचं. त्यांच्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडेच शिवायला असत, त्यामुळे बातमी आपसूक यायची.

पहिल्यांदा टीव्ही फिटला. फायनान्सच्या ऑफिसात पोरगा म्हणाला, "काकू, मेसेज येईल." मी म्हटलं, मेसेज नको, कागद दे, शिक्क्याचा. तासभर बसले, पण कागद घेऊनच उठले. येताना मिरचीभजे आणले आणि आम्ही दोघांनी टीव्ही न लावता खाल्ले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे होण्यासारखं आहे. पुढच्या हंगामात हातउसने गेले, त्यानंतर गटाचं कर्ज गेलं. राहिली फक्त एकदाणी. ती सोडवण्यापुरती तार जमत आली होती. एका पोत्याची आता बरीच पोती झाली होती आणि नवरा त्यांना "तुह्या माहेरची माणसं" म्हणायचा.

अशात फुलसावंगीहून फोन आला. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद नवऱ्याहून मोठी, आणि भावंडं ही दोघंच. म्हणजे मुलीला मामा एकच. आमच्याकडे मामाचा आहेर म्हणजे साडी-चोळीवर भागत नाही. मामानं भाचीला मोठी वस्तू द्यायची, आणि पंगत बसायच्या वेळी तो आहेर माइकवरून सगळ्या मांडवाला सांगितला जायचा. मुलीच्या मामाकडून लोखंडी कपाट, मांडवाच्या उजव्या हाताला उभं आहे, पाव्हण्यांनी पाहून घ्यावं, असा पुकारा मी कितीतरी लग्नांत ऐकला होता. माइकवर काहीच आलं नाही तर लोक जेवता जेवता मामालाच पाहून घेतात.

त्या फोननंतर आठवड्यानं मी दुकानावर गेले तर नवरा पोती तराजूवर चढवत होता.

"कुठी चालली तार?"

"विकतो. कपाट घ्यावं लागन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "एकुलती एक बहीण आहे माही. एकदाणीचं या वर्षी नवं-जुनं करून टाकू."

मला इतका संताप आला की मी त्या पोत्यावरच बसले. म्हटलं, विका, मलाही तोलून विका. त्यालाही राग आला. तुले माहेर आहे, मले एक बहीणच आहे, असं काहीबाही बोलला. पण खरं सांगायचं तर मला त्याचं पटत होतं. माझ्या नणंदेनं मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. तिच्या दारात आमची मान खाली जावी असं मलाही वाटत नव्हतं. पण या वर्षी ती माळ सुटली नाही तर मग कधीच सुटणार नाही, हेही मला दिसत होतं. पुढच्या वर्षी आणखी कुणाचं तरी लग्न असणारच. शेवटी मी म्हटलं, "तार इथंच राहू द्या. आपण फुलसावंगीले जाऊ. तुमच्यानं नाही बोलणं झालं तर मी बोलतो."

यवतमाळला गाडी बदलून आम्ही गेलो. सगळा रस्ता तो खिडकीबाहेर बघत होता. नणंद अंगणात तूर पाखडत होती. चहा झाला, फराळ झाला, मुलाकडच्यांच्या गोष्टी झाल्या. नवरा दोनदा "यंदा म्हणजे…" म्हणाला आणि दोनदा पाणी प्याला. मग मीच बोलले. कर्जाचं, पोत्यांचं, एकदाणीचं, सगळं सांगितलं. म्हटलं, "ताई, यंदा आमच्याकडून कपाट होत नाही. साडी आणू, अन् आठ दिवस आधी येऊन काम करू. तुमाले राग आला तर आमच्यावर काढा, पण मी उधार आणून आहेर नाही करत."

नणंदेचं सूप थांबलं. तिनं भावाकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. बस, एवढंच. ना राग, ना हसू. परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "तिले वाईट वाटलं." मलाही तसंच वाटलं होतं.

ठरल्याप्रमाणे आम्ही आठ दिवस आधी गेलो. मी भाचीचे सगळे ब्लाउज शिवले, नवऱ्यानं मांडवाची लाइट आणि पाण्याची मोटार सांभाळली. नणंद नेहमीसारखी वागत होती, पण आहेराचा विषय तिनं काढला नाही. लग्न लागलं. पंगतीची ताटं वाढली जात होती आणि नणंदेच्या दिरानं माइक हातात घेतला. काकाकडून अमुक, आत्याकडून तमुक, मुलाच्या मित्रमंडळाकडून भिंतीवरचं घड्याळ. मी खोट्या माळेवर पदर ओढला. नवरा दूर, जनरेटरजवळ, काही काम नसताना वाकून उभा होता. दीर म्हणाला, "आता मुलीच्या मामाचा आहेर," आणि थांबला, कारण साडी सोडली तर त्याच्याजवळ सांगायला काही नव्हतं.

नणंद वाढायचं सोडून आली. तिनं दिराच्या हातातून माइक घेतला. तो तिला धरताही येत नव्हता, तोंडाला फार जवळ लावल्यामुळे आवाज फाटत होता.

"माह्या भावाचा आहेर मी सांगतो," ती म्हणाली. "माह्या लग्नात कपाट आलतं. बाबानं ते उधारीवर आणलतं. मी इकडे नांदायले आली, अन् तिकडे बाबा आजारी पडले. मंग माह्या भावानं शाळा सोडली, मोटारीच्या दुकानात झाडू मारला अन् कपाटाचे पैसे फेडले. मले कोणी सांगितलं नाही, मले नंतर समजलं. ते कपाट अजून माह्या घरात आहे. मामाचा आहेर पोचलेला आहे. आता सगळ्यांनी पोटभर जेवा."

माइक दिराला देऊन ती पुन्हा भाताचं घमेलं घेऊन पंगतीत शिरली. मांडवात पुन्हा भांडी वाजायला लागली. जनरेटरजवळ नवरा अजून वाकलेलाच होता, पण आता त्याला कोणी बघू नये म्हणून.

लग्नानंतर दहाबारा दिवसांनी तार विकली. दोघंही पतसंस्थेत गेलो. पावती आत दिली, आणि एकदाणी तिजोरीतून येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलो. इतके दिवस मी विचारलं नव्हतं. तिथं विचारलं. "लग्नाले आपल्या इतकी वर्सं झाली. कपाटाचं हे तुमी मले एकदाबी काहून नाही सांगितलं?"

तो खरंच गोंधळला. मी काय विचारते आहे तेच त्याला कळेना.

"त्यात काय सांगायचं," तो म्हणाला. "ते तर फिटलं होतं."

खिडकीतून माझं नाव पुकारलं गेलं. मला त्या माणसाचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मला बाकावरून उठताच येईना.