सकपाळांनी पाइपाला कान लावला

गुणवंत सकपाळांना "तुम्ही नक्की करता काय हो?" असं कुणी विचारू नये. विचारलं, की त्या माणसाची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. भाजीवाल्यासमोरसुद्धा ते सुरू व्हायचे. जमिनीच्या पोटात चिवट खडकात गॅस अडकलेला असतो, तो आपणहून बाहेर येत नाही. मग विहिरीत जबरदस्त दाबाने पाणी सोडून खडकाला चिरा पाडायच्या. पण कुठे? त्यासाठी आधी विहिरीत आवाज करणारं यंत्र सोडतात. कडक खडकातून आवाज झपकन पळतो, मऊ खडकातून रेंगाळतो. त्यावरून कुठला थर फुटेल आणि कुठला अडेल, हे सकपाळ अंधेरीच्या ऑफिसात बसून सांगायचे.

कंपनीत आधी विहिरीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडून पाणी मारायचे. एका तुकड्यात दोन्ही थर आले की मऊ थर सगळं पाणी गिळायचा आणि कडक थर कोरडाच. सकपाळ म्हणाले, मऊला मऊसोबत घ्या, कडकाला कडकासोबत. साहेबांनी नाकं मुरडली, पण विहीर चालली. तेव्हापासून सकपाळ हवेतच होते.

घरी मात्र मनोरमाबाई त्यांना खाली आणायच्या. भाईंदर पश्चिमेतली जुनी बिल्डिंग, घर चौथ्या मजल्यावर, पालिकेची लाइन एकच. पाणी आलं की खालचे भरून घ्यायचे, वरचा नळ नुसता फुसफुसायचा. त्यात त्यांची एकुलती एक लेक रसिका पहिल्या बाळंतपणाला यायची होती. "पाण्याशिवाय बाळंतीण कशी सांभाळू? राहू दे तिला सासरीच," असं मनोरमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. नातवंड आपल्या घरी यावं, यापलीकडे सकपाळांना काही नको होतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विहिरीचंच औषध काढलं. खालचे मजले एका पाळीला, तिसरा-चौथा वेगळ्या.

"सबको एक साथ मिलता है, इसमें क्या बुरा है?" तळमजल्यावरचे सेक्रेटरी ईश्वरभाई म्हणाले. सकपाळांनी मग खडकांचं पुराण लावलं. जेवायची वेळ टळली तेव्हा ईश्वरभाईंनी हात जोडले. "कर लो भाई. बस, अब खाना खाने दो."

आणि काय सांगू, पहिल्याच पाळीला चौथ्या मजल्यावर धो धो पाणी! सकपाळांनी ही बातमी ऑफिसला, वॉचमनला आणि शेअर रिक्षातल्या एका अनोळखी बाईला सांगितली.

घरी आले तर तिसऱ्या मजल्यावरच्या पंचशीलाताई रिकामी बादली घेऊन दारात उभ्या. "काका, तुमच्याकडे नदी वाहतेय. आमच्याकडे थेंब नाही."

सकपाळ चक्रावले. सारखे थर एकत्र घेतलेत, मग एकच तोंड सगळं कसं गिळतंय? "खालच्या कुणीतरी चोरून मोटर लावलीय. आवाजावरून शोधतो की नाही बघा."

पुढच्या पाळीला ते तळमजल्यापासून पाइपांना कान लावत निघाले. "मेरे बाथरूम के पाइप को कान लगा के क्या सुन रहे हो?" म्हणत ईश्वरभाईंची बायको मागे लागली, तिच्यामागे ईश्वरभाई, मग पंचशीलाताई. घरघर ऐकू येत होती, आणि दर मजल्याला वाढत होती. ही वरात थांबली ती सकपाळांच्याच बाथरूममध्ये. वॉशिंग मशिनमागे, जुन्या चादरीखाली, कोरी करकरीत मोटर चालू होती.

"असे बघताय काय?" मनोरमाबाई म्हणाल्या. "तुमच्या खडकांवर माझा भरवसा नव्हता. मला माझी लेक घरी आणायचीय." आणि त्यांना रडू फुटलं.

"मग मला सांगायचंत ना, काकू," पंचशीलाताई म्हणाल्या. "रसिका माझी कुणीच नाही का?"

ईश्वरभाईंनी गपचूप प्लग काढला. नळ आटला. सगळे सकपाळांकडे बघायला लागले, आणि सकपाळ नळाकडे. आपलं गणित खरंच चुकलं असेल तर? मग खालून, पंचशीलाताईंच्या घरातून, पाणी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने वरचा पाइप गुरगुरला आणि नळातून करंगळीएवढी धार सुरू झाली. धो धो नव्हती, पण थांबेना.

मनोरमाबाईंनी धारेखाली कळशी लावली. ती भरेपर्यंत कुणी हललं नाही. नवऱ्याचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि रसिकाला फोन लावला.

"बॅग भर गं," त्या म्हणाल्या. "बाबा न्यायला येतायत."