बाळूचं पत्र आणि माझा आवाज

एक कॉम्प्युटर माझ्या आवाजात माझ्या भावाशी खोटं बोलत होता.

तो भाऊ जाऊन आज वर्ष झालं.

बाळू माझा धाकटा. रोह्याला कंपनीत कॉम्प्युटरवर होता. शुगरने डोळे गेले, नोकरी गेली, पण बोटांना कीबोर्ड पाठ होता.

मी पेणची. जन्म गेला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करण्यात. आठवड्यातून एकदा डब्यात वालाचं बिरडं घेऊन रोह्याची गाडी पकडायची. कासू स्टेशन येईपर्यंत शेजारच्या बाईला माझं अख्खं घर माहीत झालेलं असायचं. असो.

बाळूचा मेल म्हणजे काळा स्क्रीन. चित्र नाय, बटण नाय, नुसती अक्षरं. कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचायचा, हा ऐकायचा.

मी विचारलं, "यात पत्र टाकायची पेटी कुठंय?"

"ते वेगळं काम गो आक्का. इथं लिहायचं नि वाचायचं. पाठवायला दुसरा प्रोग्राम लागतो. तयार मिळतात, पण मी माझा केलाय."

मला पटलं. आमच्याकडेपण मूर्ती काढणारा वेगळा, डोळे आखणारा वेगळा.

"पण तुझा कशाला?"

"पत्र गेलं की तो तुझ्या आवाजात सांगेल. बोल इथं."

मी बोलले, "बाळू, पत्र गेलं."

पत्र होतं त्याच्या लेकीला, सुजूला. ती नागपूरला. याचे डोळे गेले तेव्हा न्यायला आली होती. हा म्हणाला, मला तुझी दया नको. ती रडत गेली, ती परत याच्याशी बोललीच नाय.

"फोन कर की," मी म्हणायची.

"फोनवर माझ्या तोंडून परत तेच निघेल. लिहिलेलं पुसता तरी येतं."

"मग मला सांग, मी लिहिते."

"मग ते माझं राहील काय? गावाचं होईल."

तीन पत्रं पाठवली त्याने. तिन्ही वेळा माझा आवाज म्हणाला, बाळू, पत्र गेलं.

उत्तर नाय.

बाळूचं जेवण सुटलं. "लेकीने मला टाकलं," म्हणायचा.

मी चौथी शिकलेली. पण मला चौकशा फार.

"पत्र गेलं हे तुला कोण सांगतं?"

"प्रोग्राम."

"नि त्याला कोण सांगतं?"

बाळू डोकं खाजवायला लागला.

कारखान्यात टेम्पो सुटला म्हणून मूर्ती गेली असं आम्ही धरत नाय. दुकानदाराचा फोन येतो, उतरली, बोटं शाबूत हायत. मग गेली.

मी तिथंच सुजूला फोन लावला, स्पीकरवर. "बाबाचं पत्र मिळालं काय गो?"

"कुठलं पत्र, आत्या?"

बाळूने कीबोर्ड पुढे ओढला.

दुपारभर मी शेजारी बसून होते. शेवटी सापडलं.

काळा स्क्रीन पत्र प्रोग्रामच्या हातात देत होता, आणि प्रोग्राम ते एका फोल्डरमध्ये शोधत होता. फोल्डर रिकामा. पण शेवटच्या ओळीत 'गेलं' म्हणायचं असं लिहिलेलं, म्हणून तो म्हणायचा. नि काळ्या स्क्रीनला ते खरं वाटायचं.

"आधी स्वतःला एक पाठवून बघायचंस," मी म्हटलं. "कंपनीत हेच शिकलास काय?"

"घाई होती गो."

"म्हणजे मी तीनदा खोटं बोलले."

"तू नाय. मी तुला बोलायला लावलं."

मग त्याने दोन गोष्टी बदलल्या. प्रोग्रामने पत्र थेट हातात घ्यायचं. आणि पलीकडून 'घेतलं' असं कळल्याशिवाय 'गेलं' म्हणायचं नाय. तसं नसेल तर काय म्हणायचं, त्यासाठी परत माझा आवाज घेतला. "बाळू, नाय गेलं." मला हसू येई, चारदा बोलायला लागलं.

पहिल्या खेपेला तेच ऐकू आलं. नाय गेलं.

बाळू खूश. "आता खरं बोलतोय."

तिसऱ्या खेपेला गेलं.

संध्याकाळी सुजूचं उत्तर आलं. बाळूने हेडफोन कानात घातला. ऐकलं. परत ऐकलं. हसला, मग सदऱ्याने तोंड पुसलं.

"काय म्हणते?"

"आक्का, ते माझं पत्र हाय."

पुढच्याच आठवड्यात सुजू आली. मग येतच राहिली. शेवटी त्याच्या उशाशी तीच होती.

परवा ती म्हणाली, "आत्या, बाबांचं पत्र वाचून दाखवू?"

खरं सांगते, जीव तळमळला माझा. पण नको म्हटलं.

बाळू, तू काय लिहिलंस ते मी नाय विचारणार. सुखाने राहा बाबा, जिथं असशील तिथं.

तुझी आक्का