आठ दिवस रिकामी जीप

पिहाओ गावाच्या डोंगरात चाळीस वर्षं जीप चालवणाऱ्या आर्सेसिओला सगळं यायचं, फक्त कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. कॉफीची पोती, केळीचे घड, डुकरं, नवरी मुलगी, एकदा तर शवपेटीसुद्धा त्याने वर पोहोचवली होती. आत जागा संपली की माणसं मागच्या फळीवर लटकायची आणि हा हसत गिअर टाकायचा.

गेल्या कॉफीतोडणीत डिफरन्शियलचे, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या पेटीतले, नवे गिअर बसवले आणि त्याच दुपारी या भल्या माणसाने वीस पोती आणि अकरा माणसं भरली. चढावर मागून रडल्यासारखा आवाज सुरू झाला आणि दाते जळून गेले. दुसरी जोडी शोधण्यात पाच महिने गेले; ती बसवली तोवर वर्षातली दुसरी तोडणी आली.

"आठ दिवस गाडी रिकामी," मेकॅनिक फानोरने बजावलं. "वीस मिनिटं हळू चालवायची, मग तासभर थंड होऊ द्यायची. दाते एकमेकांत नीट बसू देत. आता जळाले तर जीप भंगारात आणि तू घरात."

ऐन तोडणीत रिकामी जीप वर जाते म्हटल्यावर लोक कशाला सोडतात?

"काय रे, जीपला डोहाळे लागलेत का?"

आर्सेसिओ ऐकून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी मात्र वळणावर दिओसेलिनाआजी दिसली. दुखरा गुडघा, हातात दोन जड पिशव्या. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"बसा आजी. तुमच्या एकटीने काय होतंय?"

"फानोरने काय सांगितलंय?"

"रिकामी."

"मग नीघ. गेल्या वेळी पोत्यांवर मीच चढून बसले होते. अजून पाच दिवस चालले तर मरत नाही."

पुढे जाऊन त्याने गाडी थंड व्हायला उभी केली. आजी लंगडत मागून आली आणि पुढे निघाली. आर्सेसिओला स्वतःचीच लाज वाटली. तासभर बसून तरी काय करायचं? तो उतरला, तिच्या पिशव्या घेतल्या आणि चालत घरी पोहोचवल्या. मग रोज प्रत्येक थांब्यावर तो कुणाचं तरी ओझं वाहू लागला. टोमणे आपोआप थांबले.

आठव्या दिवशी फानोरने ऑईल काढून बोटांवर चोळलं. धातूचा एक कणही लागला नाही.

"आता भर. पण माणसासारखा भर."

आर्सेसिओने पोती बेताची घेतली आणि आजीला शेजारी बसवलं. उभा चढ लागला. त्याचा सगळा जीव कानात. अर्धा चढ गेला, मग सगळाच गेला.

"रडतोस काय रे?" आजीने विचारलं.

"मागून आवाज येत नाहीये, आजी," तो म्हणाला.