पाटावर मी बसलो होतो

ही गोष्ट मी फार वर्षं टाळली. कधी म्हटलं बायकोला वाईट वाटेल, कधी म्हटलं म्हातारी माणसं अजून हयात आहेत. खरं कारण एवढंच, की या गोष्टीत वाईट दिसणारा माणूस मी आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आईवर चार ओळी छापून आल्या. ‘रत्नागिरीतील असंख्य बाळंतिणींची निःस्वार्थ सेवा करणाऱ्या या माउलीने समाजाचा मान राखून प्रायश्चित्तही घेतले होते.’ हे खोटं आहे. आईने कधीही प्रायश्चित्त घेतलं नाही. कोणाला राग यायचा असेल तर येवो.

आई तरुणपणीच विधवा झाली. बाळंतपण करायची विद्या तिने माहेरी तिच्या आईकडून उचलली होती. एका पिशवीत उकळून वाळवलेली फडकी, कातर आणि एरंडेलाची बाटली कायम तयार असे. बोलावणं आलं की चुलीवरचं भांडं उतरवून ती निघे. मोबदला कधी घेतला नाही. बारशाच्या घुगऱ्या मात्र हक्काने मागून घेई.

एका भाद्रपदात तिला महारवाड्यातून बोलावणं आलं. बाई दोन दिवस अडली होती, मूल पायाळू होतं. आई गेली आणि दोघांनाही वाचवून आली. इथवर समाजाने कानाडोळा केला असता. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं की भागत असे. पण आई तिथे पाणी प्यायली होती, त्यांच्या मडक्यातलं, आणि परत येताना विहिरीवरच्या बायकांना तिने ते आपणहून सांगितलं.

ज्ञातीचे पाच कारभारी आमच्या ओटीवर आले.

“वहिनी, तहान लागली असेल, समजू शकतो. पंचगव्य घ्या, विषय मिटला.”

“तहान लागली म्हणून प्यायले नाही,” आई म्हणाली. “त्या घरच्या म्हातारीने तांब्या पुढे केला आणि मग भिऊन मागे घेतला. म्हणून प्यायले. ज्या घरचं मूल मी हातात घेतलं, त्या घरचं पाणी मला का नको?”

“मग वाळीत राहाल.”

“राहीन की. बाळंतीण अडली की तुमच्याच घरून निरोप येईल.”

निरोप खरंच येत राहिले, परसदाराने. पण पंगतीचं बोलावणं बंद झालं आणि भटजी फिरकेनासे झाले. असं दीड वर्ष गेलं. आईला त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी बावीस वर्षांचा, नुकता कचेरीत चिकटलेला, आणि संगमेश्वरच्या बाजूची एक मुलगी मला सांगून आली होती. मुलीच्या वडिलांचा निरोप आला: आधी ते वाळीतचं प्रकरण मिटवा, मग तिथी काढू.

मी आईला प्रायश्चित्ताचं विचारलं. ती म्हणाली, “चूक केली असती तर घेतलं असतं.” मग मी कारभाऱ्यांकडे गेलो आणि आई तापाने निजून आहे असं सांगितलं. आजारी माणसाच्या वतीने मुलगा बसला तर शास्त्राला चालतं, असं भटजींनी सांगितलं. देवळात पाट मांडला, आईच्या नावाने संकल्प सोडला आणि मी पंचगव्य प्यायलो. त्या वेळी आई कुठल्याशा बाळंतिणीला शेक देत होती.

कारभाऱ्यांनी आपणहून मिटवलं, असं आईला सांगितलं आणि लग्न झालं. सून घरात आली त्या दिवशी आमच्याकडे पंगत बसली. आई वाढत होती. थोरल्या कारभाऱ्यांची बायको मोठ्याने म्हणाली, “शेवटी बसलीसच ना गो पाटावर! मग दीड वर्ष कसला तोरा मिरवलास?”

“कुठल्या पाटावर?”

“अगो, देवळातल्या! तू तापाने फणफणलेली, म्हणून लेक बसला ना तुझ्या वतीने!”

आईच्या हातात वरणाचं ओगराळं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नव्या सुनेकडे. आणि त्या बाईच्या पानात वरण वाढत म्हणाली, “जेवा हो पोटभर.”

उष्टी पानं टाकायला मी परसात गेलो, तेव्हा ती मागून आली.

“पंचगव्य कसं लागलं रे?”

मी हातातली पानं खड्ड्यात टाकत राहिलो.

“मी बोलले तर ही पोर उद्या माहेरी जाईल. तिचा काय दोष? पण त्या पाचांना खरं काय ते तुला सांगावं लागेल. तुझ्या तोंडाने केलंस, तुझ्याच तोंडाने निस्तर.”

दुसऱ्याच आठवड्यात ती महारवाड्यात त्या मुलाला बघायला गेली आणि अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असं, पाणी प्यायली. कारभाऱ्यांनी पुन्हा वाळीत टाकलं नाही; पुन्हा टाकलं तर आधीचं प्रायश्चित्त फुकट गेल्याचं दिसलं असतं. त्यांनी वेगळंच केलं. ‘पाटावर बसून शब्द मोडणारी’ असं तिचं नाव पाडलं. जिने जन्मात शब्द मोडला नाही, तिच्यावर हा डाग माझ्यामुळे आला. पुढे कित्येक वर्षं ती तो घेऊन घरोघर बाळंतपणं करत हिंडली.

कारभारी एकेक करून गेले. शेवटचे मुलाकडे दाभोळला राहायला गेले होते. मी मुद्दाम तिथवर गेलो. चहा घेतला, कलमांना मोहोर कसा आहे ते बोललो आणि परत आलो. वर्षभरात तेही गेले.

नव्वदीतली आई ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती, तेव्हा धीर करून म्हटलं, “आई, त्या पाटाचं...”

“त्या पाचांपैकी कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही.”

“मग मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे.” आणि तिने सोलायला अर्ध्या आठळ्या माझ्यापुढे सरकवल्या.

ती गेली तेव्हा मी उशाशी होतो. तेव्हाही बोललो नाही. ज्यांना सांगायचं होतं ते पाच आता नाहीत, म्हणून हे सगळ्यांना सांगतो आहे. आई, पाटावर मी बसलो होतो, तू नाही. मला क्षमा कर.