आवाजाचं खरकटं

पिंपळवंडीच्या गोरखनं माइक हातात घेतला की शर्यतीच्या घाटावरचा माणूस हातातला वडापाव विसरायचा. बैलगाडा शर्यतींचा तो निवेदक. कुठल्या गावाचा कुठला बैल, त्याला कुणी कुठल्या बाजारातून आणला, मागच्या यात्रेत तो का बुजला, हे सगळं त्याच्या जिभेवर. आणि बारी सुटली, म्हणजे गाडा धावायला लागला, की हात वर करून तो असा काही ‘भिर्रर्र’ ओढायचा, की माणसांच्याच काय, बैलांच्याही अंगावर काटा यायचा म्हणे. लोक काय, काहीही म्हणतात. पण आवाज होता खरा.

तो आवाज गावोगावच्या मोबाइलवर पोचवणारा माणूस म्हणजे जुन्नरचा अमजद. दोघं शाळेत एका बाकावर बसले, तेव्हापासूनचे दोस्त. शर्यतींवर बंदी होती ती वर्षं गोरखनं लग्नांत आहेराची नावं पुकारून काढली, आणि अमजदनं त्याच लग्नांचं शूटिंग करून. बंदी उठली तसे दोघं एकाच मोटारसायकलवरून घाटावर परतले. पुढं पुण्याच्या एका कंपनीनं शर्यती दाखवायचं ॲप काढलं आणि ते काम अमजदकडं आलं.

काम मोठं किचकट. एकच बारी जाड-बारीक अशा चार-पाच आकारांत करावी लागे. नारायणगावात नेट चांगलं, तिथं बैलाच्या शिंगाचा रंगसुद्धा दिसला पाहिजे. भीमाशंकरच्या अंगाला डोंगरातल्या वाड्यांवर रेंज मेल्यागत, तिथं चित्र पुसट का होईना, पण अडकायला नको. तेही जमेना तर नुसता आवाज तरी जावा. प्रत्येक आकाराचे पुन्हा बारके बारके तुकडे करायचे, म्हणजे ज्याच्या मोबाइलला जो तुकडा झेपेल तो त्यानं उचलावा. सगळे तुकडे कंपनीकडं रवाना झाले की इकडं कॉम्प्युटरात मूळ शूटिंग आणि तुकड्यांचा ढीग उरे. अमजद त्याला खरकटं म्हणायचा.

एका यात्रेत ह्या खरकट्यानं डिस्क भरली आणि ऐन फायनलची बारी मोबाइलवर दिसायची बंद पडली. तालुक्यानं त्याचा उद्धार केला. त्याची बायको दिलशाद म्हणाली, खरकटं पडून राहिलं की घरात बरकत राहत नाही. अमजदनं ते मनावर घेतलं. काम पुरं झालं आणि कंपनीचा ‘मिळालं’ असा निरोप आला, की मूळ शूटिंगासकट सगळं आपोआप पुसलं जाईल, असं त्यानं बसवून टाकलं. पुन्हा डिस्क कधी भरली नाही. ह्या टापटिपीचा त्याला फार अभिमान. गर्वाचं घर खाली, ते असं.

गोरखचा घसा बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. ओरडणाऱ्याचा घसा बसणारच. त्यानं ज्येष्ठमध चघळला, हळद-दूध घेतलं, आणि तंबाखू काही सोडली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तोवर गाठ वाढली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याची बायको उज्ज्वला दवाखान्यात मोबाइल पुढं धरून म्हणाली, “कायतरी बोला ह्याच्यात. आपल्या लेकीच्या, सादनाच्या बाळाला तरी आजा ऐकू यील.”

गोरखचा आवाज तेव्हा फाटक्या पत्र्यासारखा झाला होता. तो लाजला. “ह्यो आवाज ठिवायचा व्हय? आगं, माजा खरा आवाज अमजदकडं हाये. समद्या यात्रा हायेत त्याच्यापाशी. काय रं?”

अमजदनं मान डोलावली. खोटं नव्हता बोलत तो बिचारा. आपल्याकडं नसेल तर कंपनीकडं असणारच, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

ऑपरेशन झालं. आठवड्याभरानं अमजदनं ॲप उघडायला घेतलं, तर ते उघडेना. मागचा हंगाम संपताच कंपनीनं गाशा गुंडाळला होता; फोन लागत नव्हता, आणि साठवण भाड्याची होती ती पुसली गेली होती. आपली डिस्क पाहिली, तर ती घासलेल्या ताटासारखी लख्ख. मग त्यानं गावोगाव फिरून लोकांचे मोबाइल धुंडाळले. त्यांत शिट्ट्या होत्या, डीजे होता, पोरांची आरडाओरड होती; गोरख कुठंतरी मागं गुरगुरल्यासारखा. त्याचा निर्मळ आवाज माइकच्या वायरीतून थेट यायचा तो एकट्या अमजदच्या मशीनमध्ये, आणि तो अमजदनं रोजच्या रोज झाडून टाकला होता. मग त्यानं दोन मोठ्या डिस्का आणल्या. बैल गेला आणि झोपा केला.

दिलशाद रोज विचारायची, “भाई को बताया क्या?” त्याच्याच्यानं सांगवेना.

शेवटी चैत्राच्या यात्रा तोंडावर आल्या तेव्हा गोरखच उज्ज्वलेला घेऊन जुन्नरला आला. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. खुर्चीवर बसून त्यानं कानाला हात लावला आणि कॉम्प्युटरकडं बोट केलं. ऐकव.

अमजदनं डिस्कच्या कानाकोपऱ्यात शोधशोध करून एकच गोष्ट मिळवली होती. आणे गावच्या एका शर्यतीचं काम चालू असताना लाइट गेली होती. काम पुरं झालंच नाही, म्हणून त्यामागचा झाडूही फिरला नाही. चित्राचे तुकडे खराब झाले होते. नुसत्या आवाजाचे काही तेवढे शाबूत होते. त्यानं ते लावले.

“आरं मागं सरा, पोरांनो. घाट मोकळा करा. आवो पांढरी टोपी, पावणं, तुमालाच म्हंतोय. खाली बसा की राव, मागच्याला दिसंना. हां. आता बारी सुटायची, बरं का. बैलांम्होरं पळायची घोडी तयार. सुट...”

तिथं तुकडा संपला.

उज्ज्वला अमजदकडं वळली. “पुढचं?”

“एवढंच हाय, वहिनी. बाकीचं माझ्याच हातानं गेलं. खरकटं म्हणून पुसत व्हतो मी.” बोलता बोलता त्याला रडू फुटलं.

गोरख उठून दारापर्यंत गेला. चौकटीला हात लावला. मग परत आला, बसला आणि हवेत बोट गोल फिरवलं. पुन्हा लाव.

पुन्हा पोरं मागं सरली, पांढरी टोपी खाली बसली, घोडी तयार झाली. ‘सुट’पाशी आवाज तुटला आणि गोरखचा हात सवयीनं वर गेला. तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती वाऱ्याची शीळ आली, फडकं हललं. उज्ज्वलेनं ते नीट केलं.

ते अमजदला बघवेना. उभ्या जन्मात जो घाटावर कधी तोंड उघडून बोलला नव्हता, त्यानं दोस्तासाठी हात वर केला आणि म्हणाला, “भिर्रर्र.”

फारच किरटं आलं ते. गोरखनं त्याचा वर गेलेला हात धरला आणि जोरजोरात मान हलवली. असं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, आणि कसं ते काही केल्या त्याला दाखवता येत नव्हतं.